सुगम इलेक्ट्रॉनिक तंबोरा

दृष्टिहीन, कर्णबधिर किंवा हाताची पकड कमजोर असलेल्या कलावंताला स्वतःच्या हाताने लावता येईल असा विजेवरचा तंबोरा. सांगली जिल्ह्यातील मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे बनणारा लाकडी तंबोरा लावायला डोळे लागतच नाहीत. खुंटी पिळताना ताण बोटांना कळतो, मणी सरकवला की स्वर बारीक चढतो-उतरतो, घोडीवरचा दोरा हलवला की जवारी (तारेची झणझणीत गुंज) खुलते. विजेच्या पेटीतल्या तंबोऱ्यात हे सगळे बटणांत आणि पडद्यावरच्या आकड्यांत गेले. म्हणून सुगम रचनेचे पहिले काम बोलणारी चिप बसवण्याचे नाही. हाताला कळणाऱ्या खुंट्या परत आणण्याचे आहे.

षड्जासाठी (मूळ ‘सा’साठी) अधिक-उणे बटणे किंवा अखंड फिरणारा नॉब टाळावा. त्यांना सुरुवात-शेवट नसल्याने आपण कुठे आहोत हे समजत नाही. त्याऐवजी १२ जागांचा रोटरी स्विच घ्यावा. सप्तकात स्वर १२, जागाही १२. प्रत्येक टप्पा ३० अंशांचा, दोन्ही टोकांना अडथळा. डाव्या टोकाला हार्मोनियमची पांढरी एक ही पट्टी ठेवली तर पुढचा खटका काळी एक. नॉब गोल नको, चोचीचा हवा, म्हणजे अंगठा फिरवताच दिशा कळते. वीज जाऊन आली तरी स्वर जागेवर राहतो, हा त्यातला आणखी एक फायदा.

जोडणीसाठी ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १ किलोओहमचे १२ रेझिस्टर एकापुढे एक लावतात. स्विचच्या १२ जागा त्यांच्या वरच्या टोकांना येतात आणि मधला संपर्क मायक्रोकंट्रोलरकडे (पेटी चालवणाऱ्या चिपकडे) जातो. दोन जागांमध्ये सुमारे ०.४२ व्होल्टचा फरक पडतो. हमखास चूक होते ती इथे: साधा स्विच एका जागेवरून दुसरीकडे जाताना क्षणभर कुठेच टेकत नाही, इनपुट अधांतरी राहते आणि स्वर वेडेवाकडे उडतात. मधल्या संपर्कापासून ग्राउंडला १०० किलोओहमचा रेझिस्टर द्यावा. सर्वांत खालच्या जागेलाही ०.४२ व्होल्ट मिळत असल्याने शून्याचा अर्थ ‘स्विच अधेमधे आहे’ असाच होतो. तेवढा वेळ आधीचा स्वर चालू ठेवावा.

बारीक मिळवणीला मध्यावर खटका असलेला पॉट (फिरवून रोध बदलणारा पोटेन्शिओमीटर) लागतो. त्याची मर्यादा दोन्ही बाजूंना ५० सेंट, म्हणजे अर्धा अर्धस्वर. आवाजाचा पॉट लॉगरिदमिक (कानाच्या जाणिवेप्रमाणे चढणारा) घ्यावा. लिनियर लावला तर जवळजवळ सगळा आवाज पहिल्या थोड्याशा फिरवण्यातच चढतो आणि कापऱ्या हाताला तो आवरत नाही. पकड कमजोर असेल तर ४० मिमी. व्यासाचा, पंख असलेला नॉब आणि पेटीखाली रबरी पाय द्यावेत. पेटी सरकत असेल तर नॉबचा उपयोग नाही. ब्रेल पट्टी नॉबच्या वर न लावता खाली लावावी, नाहीतर वाचता वाचता स्वर बदलतो.

बाहेरचे पायाचे किंवा कोपराचे बटण ३.५ मिमी. मोनो जॅकवर द्यावे. दिव्यांगांसाठीची तयार बटणे बहुधा याच पिनची असतात. संपर्काची थरथर काढायला २० ते ३० मिलिसेकंद पुरतात. कापऱ्या हाताचा चुकून झालेला दुसरा दाब टाळायला मात्र ३०० मिलिसेकंदांपर्यंत थांबावे लागते. तेच बटण ताल वाजवायला वापरले तर सेकंदाला तीनच्या वर आघात लागत नाहीत, दुगुनीतच (दुप्पट लयीतच) पंचाईत होते. म्हणून ही वेळ बदलता यावी.

बोलून सांगण्याची सोय हवीच असेल तर तिचा आवाज फक्त हेडफोनला द्यावा. मैफलीच्या स्पीकरमधून आलापाच्या मध्येच ‘काळी दोन’ ऐकू येणे कोणालाच नको असते. नवे बटण दाबताच आधीचे बोलणे तुटले पाहिजे. हेडफोन तारेचा असावा. ब्लूटूथचा आवाज मागे पडतो. तंबोरा संगणकावर असेल तर आणखी एक खोडा येतो. एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमीत कमी विलंबाने देणारे सॉफ्टवेअर) साउंडकार्ड बहुधा एकट्याने ताब्यात घेतो आणि एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचे वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) मुका होतो. त्याचे बोलणे लॅपटॉपच्या स्वतःच्या साउंडकार्डवर वळवावे.

कर्णबधिरांसाठी कंपक बैठकीच्या पाटाखाली बसवतात. त्वचा २५० हर्ट्झच्या आसपास सर्वांत तरल असते, १००० च्या वर तिला जवळपास काही जाणवत नाही. काळी पाचचा षड्ज (२३३ हर्ट्झ) छान कळतो, पण जवारीची झार हातात येत नाही. वरचे स्वरांश एक-दोन सप्तके खाली आणून द्यावे लागतात. खऱ्या तंबोऱ्याची कंपने घ्यायची असतील तर २७ मिमी.ची पिझो चकती (कंपनांचे विजेत रूपांतर करणारी) तबलीवर, म्हणजे समोरच्या लाकडी फळीवर, घोडीजवळ चिकटवावी आणि पुढच्या अँप्लिफायरचा इनपुट १ मेगाओहमचा ठेवावा. तो १० किलोओहमचा असला तर २० नॅनोफॅरडच्या चकतीचा सुमारे ८०० हर्ट्झखालचा आवाज गळतो, म्हणजे नेमका षड्जच.

तयार पेटी प्रथम वीज न लावताच वापरणाऱ्याच्या हाती द्यावी. ती कोणत्या पट्टीत आहे हे त्याला तशीच चाचपून सांगता आले पाहिजे.