‘गरीब नेहमी असतील’ या वचनाचा खरा संदर्भ

‘गरीब नेहमी तुमच्याजवळ आहेत’ हे येशूचे वचन पुढे करून दारिद्र्य ही ईश्वरानेच ठरवलेली अटळ स्थिती आहे आणि म्हणून ख्रिस्ती माणसाने सार्वजनिक जीवनात न्यायाचा आग्रह धरण्याचे कारण नाही, असे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. हा अर्थ मूळ प्रसंगाशी जुळत नाही.

जेरुसलेमजवळच्या बेथानी या गावी एका स्त्रीने येशूच्या मस्तकावर मौल्यवान सुगंधी तेल ओतले, तेव्हा ते विकून पैसे गरिबांना द्यायला हवे होते, अशी तक्रार काहींनी केली. त्या तक्रारीला उत्तर देताना हे उद्गार आले. मार्कच्या शुभवर्तमानात (बायबलमधील येशूचे जीवन सांगणाऱ्या ग्रंथांपैकी एक; 14:7) त्यालाच जोडून, इच्छा असेल तेव्हा तुम्हाला त्यांचे भले करता येते, असेही म्हटले आहे. वचन उद्धृत करणारे नेमके हेच गाळतात, आणि ही गळती मला गंभीर वाटते.

याहून महत्त्वाचे म्हणजे, हे शब्द जुन्या करारातील (बायबलच्या येशूपूर्व भागातील) ‘अनुवाद’ (Deuteronomy) नावाच्या ग्रंथाच्या 15व्या अध्यायाची आठवण करून देतात. देशात गरीब राहतील, म्हणूनच आपला हात सढळ ठेव, अशी आज्ञा तेथे आहे. त्याच अध्यायात दर सातव्या वर्षी कर्जमाफी करण्याचा आणि मुक्त होणाऱ्या दासाला रिकाम्या हाताने न पाठवण्याचा नियम सांगितला आहे. म्हणजे विषय केवळ वैयक्तिक दानधर्माचा नसून समाजाच्या कायद्याचा आहे.

चौथ्या शतकात कैसरियाचे (आजच्या तुर्कस्तानातील शहर) बिशप बासिल यांनी हाच धागा पुढे नेला: श्रीमंतांच्या कोठारांत पडून राहिलेले अन्नवस्त्र गरजूंच्या हक्काचे आहे, असे त्यांनी प्रवचनांतून ठामपणे सांगितले आणि आजारी व निराधार लोकांसाठी मोठे सेवाकेंद्र उभारले.