सुट्टी खारी आणि दोन टक्क्यांची मर्यादा

परभणी किंवा जालन्याच्या बसस्थानकाबाहेर सुट्टी मिळणारी खारी, नानखटाई किंवा बालुशाही कोणत्या तुपात केली आहे, हे गिऱ्हाइकाला कळण्याची सोय नसते. वेष्टनच नाही, तर त्यावर घटकांची यादी कुठून असणार? ट्रान्स फॅट म्हणजे अशा तुपात असू शकणारा, आरोग्याला घातक स्निग्ध घटक. त्याविषयीचे कोणतेही सरकारी धोरण या गिऱ्हाइकाच्या कितपत उपयोगी पडते, यावरून जोखायला हवे, असे मला वाटते.

द्रवरूप तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की ते थिजते आणि वनस्पती तूप तयार होते. ही क्रिया अर्धवट थांबवली, तर तेलाच्या रेणूत उरलेल्या दुहेरी बंधांपैकी काहींची रचना पालटते आणि ट्रान्स फॅट तयार होते. त्यामुळे एरवी वाकलेल्या साखळ्या सरळ होतात, एकमेकींना घट्ट बिलगतात आणि स्निग्ध पदार्थ घट्ट राहतो. खारीला पदर सुटतात, माल टिकतो, खर्चही कमी येतो. शरीरात मात्र हेच ट्रान्स फॅट घातक एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवते आणि हितकारक एचडीएल घटवते. म्हणूनच दिवसाला दोन हजार कॅलरींचा आहार असेल, तर ट्रान्स फॅट २.२ ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अमेरिकेने २००६ पासून लेबलवर ट्रान्स फॅटची नोंद सक्तीची केली. पण एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमहून कमी असल्यास शून्य लिहिण्याची मुभा राहिली. अखेर अंशतः हायड्रोजनीकृत तेले सर्वसाधारणपणे सुरक्षित मानता येत नाहीत, असा निर्णय तिथे २०१५ मध्ये झाला. डेन्मार्कने मात्र २००३ मध्येच कायदा करून स्निग्ध पदार्थातील औद्योगिक ट्रान्स फॅट दोन टक्क्यांवर रोखले होते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ही मर्यादा पाचवरून जानेवारी २०२१ मध्ये तीन आणि जानेवारी २०२२ मध्ये दोन टक्क्यांवर आणली, तेही केवळ तेल-तुपासाठी नव्हे, तर ते वापरून केलेल्या पदार्थांसाठीही. हा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो, कारण लेबल वाचता न येणाऱ्यालाही त्याचे संरक्षण मिळते.

अडचण तपासणीची आहे. ट्रान्स फॅट डोळ्यांना किंवा जिभेला ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे घटक वेगळे करून मोजणारी चाचणी, करावी लागते. गल्लीबोळातल्या प्रत्येक भट्टीतून नमुने उचलणे अवघड आहे, परंतु भट्ट्यांना वनस्पती तुपाचे डबे पुरवणारे कारखाने आणि घाऊक व्यापारी संख्येने थोडे असतात. अन्न व औषध प्रशासनाने नमुने आधी तिथून, नियमितपणे घ्यावेत आणि त्यांचे निकाल जिल्हावार जाहीर करावेत.