एका पायाच्या जागी पंचवीस पाय

दहा वर्षांच्या मुलाचा पाय भूसुरुंगात गुडघ्याखाली तुटला आणि ते मूल पुढे चाळीस-पन्नास वर्षं जगलं, तर त्याला आयुष्यात साधारण २५ कृत्रिम पाय लागतात. हा रेड क्रॉसचा जुना हिशेब आहे. वाढत्या मुलाला दर सहा महिन्यांनी नवा पाय हवा, मोठ्या माणसाला दर तीन ते पाच वर्षांनी. एक शिबिर, एक फोटो, एक पाय, एवढ्यावर हे काम भागत नाही ते यामुळेच.

अफगाणिस्तानात हे काम सलग चाललं आहे. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९८८ साली काबूलमध्ये कृत्रिम अवयवांचं केंद्र सुरू केलं. अल्बर्टो कैरो हे इटालियन फिजिओथेरपिस्ट १९९० मध्ये तिथे गेले आणि तिथेच राहिले. पुढे हेरात, मझार-ए-शरीफ, जलालाबाद अशा शहरांतही केंद्रं उभी राहिली. सरकारं बदलली, शहरावर रॉकेटं पडली, तरी पाय बनत राहिले.

पण पाय नीट बसणार की नाही, हे कार्यशाळेच्या कितीतरी आधी, ऑपरेशनच्या टेबलावर ठरतं. सोव्हिएत बनावटीच्या पीएमएन सुरुंगात सुमारे २४० ग्रॅम टीएनटी हे स्फोटक असतं. त्यावर पाऊल पडलं की पाऊल जातंच, शिवाय माती, बुटाचे तुकडे, हाडांच्या चिपा स्नायूंच्या थरांमधून वर घुसतात. कातडी बाहेरून धड दिसते आणि आत वीतभर वर घाण असते. म्हणून अनुभवी सर्जन मेलेलं मांस काढतो, जखम धुतो आणि ती उघडीच ठेवतो. साधारण पाच दिवसांनी आतला भाग स्वच्छ दिसला, तरच टाके. पहिल्याच दिवशी शिवलेल्या जखमेत जंतू कोंडले जातात, गॅस गँगरीन होतो, म्हणजे मांस झपाट्याने सडत जातं, आणि पाय आणखी वरून कापावा लागतो. अशाने गुडघा गेला तर नुकसान मोठं. गुडघा शाबूत असलेल्या माणसाला चालताना नेहमीपेक्षा साधारण पाव पट जास्त शक्ती लागते, गुडघा गेलेल्याला निम्म्याहून जास्त. पाणी भरणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसासाठी हा फरक रोजचा असतो.

कापल्यानंतर उरलेल्या भागाला डॉक्टर आणि कारागीर सगळेच स्टंप म्हणतात. नडगीच्या हाडाची पुढची धार तासून गोल करायची आणि शेजारचं बारीक हाड एक-दोन सेंटिमीटर आखूड कापायचं. हे राहिलं, तर पुढे प्रत्येक पावलाला हाड आतून कातडीला टोचतं.

मग सूज उतरवायची. त्यासाठी दहा सेंटिमीटर रुंदीची ताणाची पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, तिरकी फिरवत बांधायची: टोकाशी घट्ट, वर जाताना सैल. दर चार तासांनी ती सोडून पुन्हा बांधायची. गोल-गोल वेढे देऊन वरच घट्ट आवळली, तर रक्त खाली अडकतं आणि स्टंप दुधी भोपळ्यासारखा खाली फुगतो. तो कुठल्याच सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या खोबणीत, जात नाही. दुसरी चूक मायेपोटी होते. घरची माणसं दुखऱ्या पायाला आराम म्हणून गुडघ्याखाली उशी देतात. काही आठवड्यांत गुडघा वाकलेलाच आखडतो आणि तो सरळ करायला महिने जातात. ही उशी काढायला सांगणं हे पाय बनवण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आता साचा. स्टंपवर ओला सुती मोजा चढवतात आणि कारागीर बोटांनी चाचपत हाडाच्या जागांवर कॉपिंग पेन्सिलने, म्हणजे ओलाव्यात रंग सोडणाऱ्या पेन्सिलने, खुणा करतो: गुडघ्याची वाटी, तिच्याखालचा स्नायुबंध, नडगीची धार, बाहेरच्या बारीक हाडाचं डोकं. वर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या गुंडाळतात. त्या वाळून निघाल्या की पेन्सिलच्या खुणा आत उमटलेल्या असतात, आणि त्यात प्लास्टर ओतून ठोकळा केला की त्यावरही उतरतात. खरी कारागिरी या ठोकळ्यावर. वाटीखालचा स्नायुबंध आणि नडगीच्या दोन्ही बाजूंचं मांस वजन सोसतात, म्हणून तिथे प्लास्टर किसून खोल करायचं. हाडाच्या धारेवर, डोक्यावर आणि टोकावर उलट प्लास्टर चढवायचं, म्हणजे सॉकेटमध्ये तिथे मोकळी जागा राहते. हे काही मिलिमीटरचं काम आहे. तिथे हात चुकला, तर आठवड्याभरात जखम होते आणि पाय घराच्या कोपऱ्यात उभा राहतो.

सॉकेटसाठी रेड क्रॉसने पॉलिप्रॉपिलीन निवडलं, तेच आपल्या डब्यांचं आणि दोऱ्यांचं प्लास्टिक. त्याचा काही मिलिमीटर जाडीचा तक्ता १८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वीसेक मिनिटं ठेवला की अपारदर्शक तक्ता काचेसारखा आरपार दिसू लागतो. तो क्षण पकडायचा. आधी काढला तर साच्यावर नीट चिकटत नाही, उशीर झाला तर ओघळून पातळ होतो. दोघं मिळून तो ठोकळ्यावर पांघरतात, कडा दाबून सांधतात आणि आतली हवा पंपाने ओढून घेतात. मग हात न लावता पूर्ण थंड होऊ द्यायचा. घाईने उतरवलेलं सॉकेट आक्रसतं आणि स्टंप आत जात नाही. याचं मोठं सुख म्हणजे एखाद्या जागी टोचत असेल, तर तेवढाच भाग तापवून बाहेर ढकलता येतो. पण कापताना राहिलेला बारीकसा चराही पुसून गुळगुळीत करावा लागतो, कारण तडा तिथूनच सुरू होतो.

पाऊल जोडताना माणूस कसा जगतो, ते विचारावं लागतं. टाचेच्या बुटावर मापलेला पाय घालून माणूस अनवाणी उभा राहिला, की टाच खाली जाते, नडगी मागे कलते आणि गुडघा मागे ढकलला जातो. अफगाण घरात आपल्यासारखेच जोडे दाराबाहेर काढतात, त्यामुळे हा प्रश्न रोजचा. जमिनीवर बसता यावं म्हणून सॉकेटची मागची कड गुडघ्यामागचे स्नायुबंध मोकळे राहतील एवढी खाली घ्यावी लागते. जयपूर फूटची महती इथेच आहे. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६०च्या दशकात रबराचं असं पाऊल घडवलं की उकिडवं बसता येतं आणि चिखलात अनवाणी चालता येतं. ते पुढे अफगाणिस्तानातही पोचलं. पुण्यात दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी १९४४ साली सुरू झालेलं कृत्रिम अवयव केंद्र आहे. काबूलमध्ये मात्र समोर बसलेला बहुतेक वेळा शेतकरी, गुराखी किंवा लाकडं गोळा करणारं मूल असतं.

काबूलच्या केंद्राची एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. तिथले बहुतेक कर्मचारी स्वतः अपंग आहेत. प्लास्टर लावणाराही कृत्रिम पायावर उभा असतो, आणि नवा रुग्ण ते पाहतो. बायकांवर उपचार बायकाच करतात. नाहीतर कित्येकजणी घराबाहेरच पडल्या नसत्या. पोलिओ झालेल्यांनाही तिथे तोच मान आणि तेच उपचार मिळतात. धंदा सुरू करायला छोटं कर्जही मिळतं.

घरी जाताना माणसाबरोबर मोजे देतात. स्टंप दिवसभरात आकसतो, संध्याकाळी सॉकेट सैल लागतं, तेव्हा एक मोजा वाढवायचा. मोजे रोज धुवायचे, पूर्ण वाळवायचे. रात्री आरशात स्टंपचं टोक पाहायचं. लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही, तर दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही, केंद्रात यायचं. मुलांच्या आईबापांना आणखी एक खूण शिकवावी लागते: कापलेलं हाड टोकाला वाढत राहतं आणि अणकुचीदार होतं. टोकाची कातडी ताणून चकचकीत, पांढरट दिसली, तर हाड बाहेर येण्याआधी सर्जनकडे न्यायचं. टोक कापून घ्यायचं, जखम भरू द्यायची आणि पुन्हा ओला मोजा, पेन्सिल, प्लास्टर.