वाइन फ्रीझरमध्ये दगड का होत नाही?

रात्री फ्रीझरमध्ये दोन डबे ठेवा, एकात पाणी आणि दुसऱ्यात वाइन. सकाळी पाण्याचा दगड झालेला असतो, वाइनमध्ये मात्र चमचा सहज रुततो. ‘फ्रोझे’ नावाचं पेय याच मऊपणावर उभं आहे. रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, गोठवायची आणि फळांच्या रसाबरोबर मिक्सरमध्ये फिरवायची. २०१६ च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कमधून याची लाट निघाली. गोठवलेल्या कॉकटेलचं यंत्र त्याहून बरंच जुनं आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात मारियानो मार्टिनेझ यांनी आइस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून ते बनवलं, आणि आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. विदर्भातल्या काटोल-वरूडकडच्या एखाद्या गावात हे पेय करायला तसलं यंत्र लागत नाही. एका दाराचा फ्रीज, मिक्सर आणि मार्च-एप्रिलमध्ये हाताशी असलेली मृग बहराची संत्री एवढ्यावर भागतं. फक्त आत काय चाललंय ते कळलं पाहिजे.

पाण्याचा बर्फ होतो तेव्हा त्याचे रेणू पंगतीला बसावेत तसे ठरावीक अंतरावर, ठरावीक दिशेला तोंड करून बसतात. अल्कोहोलच्या रेणूला या रचनेत जागा नसते. तो मध्ये घुटमळत राहिला की पाण्याला बर्फ व्हायला शून्याच्या खाली जावं लागतं. विरघळलेला पदार्थ जितका जास्त, तितका गोठणबिंदू खाली, हे चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७८८ मध्येच मांडलं होतं. इथे वजनापेक्षा रेणूंची संख्या महत्त्वाची ठरते. एक किलो पाण्यात ४६ ग्रॅम अल्कोहोल घाला किंवा ३४२ ग्रॅम साखर, गोठणबिंदू दोन्ही वेळा साधारण १.८६ अंशांनीच उतरतो, कारण दोन्हींत रेणूंची संख्या सारखीच आहे. म्हणजे वजनाला वजन लावलं तर अल्कोहोल साखरेच्या सातपटीहून जास्त काम करतं. आठवडी बाजारातला कुल्फीवाला हंड्यातल्या बर्फात मीठ टाकतो, त्यामागेही हाच नियम आहे. मीठ-बर्फाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं.

१२ टक्के अल्कोहोलची वाइन उणे ५ अंशांच्या आसपास गोठायला लागते. पण ‘लागते’ एवढंच. आधी बर्फ होतो तो जवळजवळ निव्वळ पाण्याचा. त्यामुळे उरलेल्या द्रवात अल्कोहोलचं प्रमाण वाढतं, त्याचा गोठणबिंदू आणखी खाली सरकतो आणि पुढचा बर्फ व्हायला आणखी थंडी लागते. उणे १८ अंशांला साधारण दोन-तृतीयांश भाग बर्फ झालेला असतो. बाकीच्या एक-तृतीयांशात अल्कोहोल वजनाने पाव भागाहून थोडं जास्त असतं आणि तो द्रवच राहतो. घरच्या फ्रीझरचं बटण कितीही फिरवलं तरी हा शेवटचा भाग गोठत नाही.

आता प्रमाण. ७५० मिलि रोझे, २५० मिलि संत्र्याचा गाळलेला रस आणि ६० ग्रॅम साखर. हे मिश्रण उणे ४ च्या आसपास गोठू लागतं. बाटली तशीच फ्रीझरमध्ये ठेवू नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, बूच उडतं नाहीतर काच तडकते. मिश्रण स्टीलच्या पसरट डब्यात किंवा झाकण असलेल्या ताटात ओता. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, भांड्यात आंबट रस नको.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात फ्रीझरवर किती भार पडतो, याचा हिशोब मला फार बोलका वाटतो. एक किलो पाणी ४० अंशांवरून शून्यावर आणायला ४० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. त्यातलं अर्धं गोठवायला पुन्हा ४०, कारण एक ग्रॅम पाण्याचा बर्फ होताना ८० कॅलरी बाहेर टाकाव्या लागतात. म्हणजे नुसतं शून्यावर येण्यातच अर्धी मेहनत संपते. इथे विदर्भाची कोरडी हवा कामी येते. बाटलीला ओला कपडा गुंडाळून ती कुलरच्या झोतात ठेवा. बाहेर ४४ अंश असले तरी हवा कोरडी असेल तर बाटली २५-२६ अंशांपर्यंत उतरते. माठ पाणी गार करतो तेच इथेही घडतं, आणि फ्रीजचं बरंचसं काम बाष्पीभवन फुकटात करून टाकतं.

संत्र्याबाबत मात्र जपून. नागपुरी संत्र्याचा रस काढल्यावर गोड असतो, पण ठेवला की कडवटतो. फोडीच्या पापुद्र्यात आणि बियांत एक बेचव पदार्थ असतो. फळ अखंड असेपर्यंत तो गप्प राहतो. फळ चिरडलं की रसातल्या आम्लामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन बनतं, आणि लिमोनिन अगदी थोडं असलं तरी जिभेला कडू लागतं. अख्ख्या फोडी बियांसकट मिक्सरमध्ये फिरवल्या तर हा पदार्थ रसात भरपूर उतरतो, आणि आपलं पेय फ्रीझरमध्ये रात्रभर राहणार असतं. म्हणून रस हातानं हलका पिळायचा, लगेच गाळायचा आणि लगेच थंड करायचा. माझ्या मते या सगळ्या कृतीत सर्वात जास्त काळजी घेण्याची जागा हीच आहे.

साखर चाखून घालाल तर फसाल. जिभेवरच्या पेशींत गोडीचा निरोप पुढे पोचवणारी टीआरपीएम५ नावाची एक वाहिनी असते. ती गरम असताना जोरात आणि थंडीत मंद चालते. त्यामुळे गोठवण्याआधी मिश्रण जरा जास्तच गोड लागलं पाहिजे. थंडीत वासही कमी उडतो, म्हणून महागडी, नाजूक सुगंधाची वाइन यात वाया जाते. साधी, फळाच्या चवीची घ्या. तांबडी वाइन मी टाळेन, तिचा तुरटपणा थंडीत आणखी टोचतो.

पोत अवलंबून असतो स्फटिकांच्या आकारावर. सुरुवातीला दर तासाभरानं काट्यानं खरवडलं की स्फटिक बारीक राहतात. पण गावात लोडशेडिंग असतं. वीज गेली की बारीक स्फटिक आधी वितळतात, आणि वीज आल्यावर ते पाणी उरलेल्या मोठ्या स्फटिकांवर चढून बसतं. दोन-तीनदा असं झालं की पेय वाळूसारखं कचकच लागतं. ते वाया गेलेलं नसतं. भांडं आधी थंड करून मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं तर पात्याची उष्णताच बर्फ वितळवते.

गोठवल्यानं अल्कोहोल कमी होत नाही. ७५० मिलि वाइनमध्ये सुमारे ७१ ग्रॅम अल्कोहोल असतं. चार ग्लास केले तर प्रत्येकात जवळपास १८ ग्रॅम, आणि थंडी-गोडीमुळे ते जाणवत नाही. शिवाय ते स्फटिकांच्या मधल्या द्रवात साठलेलं असतं, म्हणून स्ट्रॉनं घेतलेला पहिला घोट मूळ वाइनपेक्षाही कडक असू शकतो. चमच्यानं, बर्फासकट खा. अल्कोहोलमुळे लघवी वाढते आणि शरीरातलं पाणी घटतं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दिवसभर शेतातून आलेल्या माणसानं तहान म्हणून हे पिणं धोक्याचं आहे. आधी पाणी, जेवण, आणि हे रात्री उशिरा, थोडंसं. पोरांच्या हाती लागणार नाही अशा डब्यात ठेवा.

वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. तिथे, आणि न पिणाऱ्यांच्या घरी कुठेही, संत्र्याचं सरबत अशाच पद्धतीनं होतं, पण गणित बदलतं. लिटरमागे १५० ग्रॅम साखर असली तरी सरबत उणे १ च्या आसपासच गोठू लागतं, आणि उणे १८ ला थोडा घट्ट पाक सोडला तर सगळं टणक होतं. इथे मीठ मदतीला घ्या. लिटरला ५ ग्रॅम मीठ गोठणबिंदू उतरवण्यात जवळपास ५८ ग्रॅम साखरेचं काम करतं, कारण पाण्यात त्यातल्या सोडियम-क्लोरीनच्या प्रत्येक जोडीचे दोन वेगळे कण होतात. तरीही सरबत अर्धवट गोठलेलं असतानाच काढायचं. रात्रभर राहून दगड झालाच, तर फोडून तुकडे मिक्सरमध्ये टाका आणि वर कपभर न गोठवलेलं गार सरबत ओता, म्हणजे पातं फिरेल.