तेलाने पायात बळ येतं?

‘रोज तेल जिरवा, पायात बळ येईल, मुलगे उशिराच चालतात.’ शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसणं, असलेल्या मुलांच्या आयांना हेच ऐकवलं जातं. मालिशीने बाळाला बरं वाटतं, जरूर करा. पण मूळ इजा पायात नसतेच. ती मेंदूला, जन्माआधी, जन्मताना किंवा तान्हेपणी झालेली असते. आणि वाट पाहण्यात नेमका मोलाचा काळ जातो, कारण हालचालींची बहुतांश प्रगती पाचव्या वर्षापर्यंतच होते. घरी सराव द्यायला महागडं यंत्र लागत नाही. भिंतीच्या कोपऱ्यात उशा लावून बसवा, खेळणं जरा लांब ठेवा, हात त्यालाच पुढे करू द्या. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य पथक तपासणीला येतं. सहा महिन्यांनीही मान धरत नाही, वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, हे त्यांना तेव्हाच सांगा.