विसार देण्याआधी हे वाचा
(स्पेनमधल्या आल्मेरियाच्या किनाऱ्यावर गोल्फ वसाहतीत घर बघणाऱ्या ग्राहकांसाठी)

आल्मेरिमार, वेरा, पुल्पी या पट्ट्यातल्या शांत गोल्फ वसाहतींत घर घ्यायचं मनात असलेल्या मराठी मंडळींसाठी हे पत्रक आहे. तुम्ही फोटो पाहिले आहेत, भाव काढले आहेत, कदाचित सुट्टीत एकदा येऊनही गेला आहात, असं धरून चालतो. म्हणून समुद्राचं वर्णन इथं नाही. आम्ही घर घेणाऱ्याच्या बाजूनं काम करणारे इथले एजंट. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच असतं: आधी पैसे दिले जातात, मग कागद मागितले जातात. ते टळावं म्हणून हा खटाटोप.

आपल्याकडे टोकन देऊन फ्लॅट अडवायचा आणि मग वकील, बँक, साठेखत या मार्गाला लागायचं, ही सवय अंगवळणी पडलेली आहे. बेत फिसकटला तर थोडी घासाघीस होते आणि टोकन बहुतेक वेळा परत मिळतं. स्पेनमध्ये एजंटाकडे काही हजार युरो भरून घर बाजारातून काढून घेता येतं, इथवर प्रकार ओळखीचा वाटतो. पण त्यानंतर 'आरास' नावाचा विसारकरार होतो. त्यात साधारण किमतीच्या १० टक्के रक्कम द्यावी लागते आणि नोटरीसमोर खरेदीखत करण्याची शेवटची तारीख लिहिली जाते. स्पॅनिश दिवाणी संहितेच्या कलम १४५४ प्रमाणे करार झाला असेल, तर घेणारा मागे हटल्यास विसार जातो आणि विकणारा मागे हटल्यास त्याला दुप्पट परत द्यावा लागतो. १,८०,००० युरोच्या घरावर हा विसार १८,००० युरो होतो. तुमच्या बँकेनं दोन आठवडे उशीर केला, हे कारण त्या तारखेपुढे चालत नाही. मुदत वाढवून मिळते, पण ती विकणाऱ्याच्या मर्जीवर.

तारीख कशामुळे हुकते? जवळजवळ नेहमी पैशामुळे. पैसे नसतात म्हणून नव्हे, ते वेळेत आणि नियमात हलत नाहीत म्हणून.

भारतात राहणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत (भारतातून परदेशी पैसे पाठवण्याची मुभा देणारी योजना) एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात. आता घर २,४०,००० युरोचं असेल, तर युरो डॉलरपेक्षा महाग असल्यामुळे एका माणसाच्या मर्यादेत ते बसत नाही. मग 'उरलेले बायकोच्या खात्यातून पाठवतो' किंवा 'भावाच्या खात्यातून येतील' असं सांगितलं जातं. बायकोच्या खात्यातून जरूर पाठवा, पण मग खरेदीखतावर तिचं नाव सहमालक म्हणून हवं. मालमत्तेच्या खरेदीसाठी घरच्यांच्या मर्यादा एकत्र करायच्या असतील, तर पैसे पाठवणारा प्रत्येक जण त्या मालमत्तेचा सहमालक असावा लागतो. भावाचंही तसंच. भावाला स्पेनमधल्या घरात हिस्सा द्यायचा आहे का, हा प्रश्न नोटरीच्या आदल्या संध्याकाळी सोडवायचा नसतो.

दुसरी गाठ टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवताना बँक वरून वसूल करते त्या आगाऊ कराची. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर जे पैसे या कारणासाठी जातात, त्यावर बँक २० टक्के टीसीएस घेते. हिशेब सोपा व्हावा म्हणून युरो १०० रुपयांचा धरू. १,८०,००० युरो म्हणजे १ कोटी ८० लाख. एकाच व्यक्तीच्या नावावर पाठवले तर टीसीएस ३४ लाख. हा खर्च नव्हे, रिटर्न भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर ते ३४ लाख तुमच्या हातात नसतात, आणि घराच्या किमतीइतकीच रक्कम जमवून बसलेला माणूस नेमका इथंच अडतो. तुमच्या सीएंना हे आधी विचारा. त्यांच्याकडे आगाऊ करात ते बसवण्याच्या वाटा असतात.

मोठी रक्कम असेल तर मार्च आणि एप्रिलचा उपयोग करून घेता येतो. विसार ३१ मार्चच्या आत, उरलेली रक्कम १ एप्रिलनंतर; दोन आर्थिक वर्षांच्या मर्यादा मिळतात. मात्र पैसे फार आधी पाठवून इथल्या खात्यात पाडून ठेवू नका. एलआरएसखाली पाठवलेली रक्कम १८० दिवसांत वापरली गेली नाही, तर ती भारतात परत आणावी लागते. आणि घर झाल्यावर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवायला विसरू नका. २०१५च्या काळा पैसा कायद्यात ते न दाखवल्याबद्दल दहा लाखांचा दंड आहे.

लंडन, दुबई, फ्रँकफर्टच्या मंडळींना एलआरएस लागू नाही, त्यांनी वरचे तीन परिच्छेद सोडले तरी चालेल. पण पैसा कुठून आला हे इथली बँक त्यांनाही विचारणारच. पगाराच्या पावत्या, विकलेल्या फ्लॅटचं खरेदीखत, कराची रिटर्न्स हे सगळं हाताशी ठेवा.

आणि हो, 'थोडे कॅश चालतील का?' नाही. आम्ही त्या व्यवहारात पडत नाही, आणि तुम्हीही पडू नये. खरेदीखतात कोणती रक्कम कोणत्या मार्गानं दिली हे नोटरी लिहून घेतो. शिवाय किंमत कमी दाखवून फायदाही नाही. १ जानेवारी २०२२पासून बहुतेक घरांना सरकारी संदर्भमूल्य आहे. आपल्या रेडी रेकनरसारखं. किंमत किंवा संदर्भमूल्य यातलं जे जास्त असेल, त्यावर कर लागतो.

आता आमच्या एका नियमाबद्दल, ज्यावर लोक नाराज होतात. तुमचा परदेशी नागरिकांचा ओळख क्रमांक, म्हणजे एनआयई, हातात आल्याशिवाय किंवा निदान अर्ज केल्याशिवाय, आणि पैसे कसे येणार याचा एक पानी आराखडा दिल्याशिवाय आम्ही घरं दाखवायला नेत नाही. 'दुसरे एजंट विमानतळावर घ्यायला येतात, हॉटेलही देतात,' असं आम्हाला ऐकवलं जातं. देतात, खरं आहे. ते विकणाऱ्याचे असतात आणि त्यांचं कमिशन विक्री झाली तरच मिळतं, म्हणून तुमची सही त्याच दौऱ्यात व्हावी असं त्यांना वाटतं. आम्ही घेणाऱ्याकडून ठरावीक शुल्क घेतो, विकणाऱ्याकडून काही घेत नाही. म्हणून 'हे घर घेऊ नका' असं सांगायला आमची जीभ अडखळत नाही.

एनआयईचा अर्ज मुंबईतल्या स्पॅनिश वाणिज्य दूतावासातूनही करता येतो. स्वतः खरेदीला येणं जमणार नसेल तर मुखत्यारपत्र लागेल, त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का) हवं आणि अधिकृत भाषांतरकाराकडून स्पॅनिश भाषांतर. महाराष्ट्रात आधी राज्य सरकारकडची साक्षांकनाची पायरी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, असा क्रम आहे. याला लागणारे आठवडे विसारकराराच्या मुदतीत मोजा. किंवा त्याहून बरं, करार करण्याआधीच उरकून टाका.

घर पसंत पडलं की विसारापूर्वी आम्ही काय मागतो? आधी नोंदणी कार्यालयातला उतारा, ज्याला इथं 'नोता सिंप्ले' म्हणतात. दहा-बारा युरोंत मिळतो आणि घरावर कर्ज, जप्ती काय आहे ते त्यात दिसतं. मग वापर परवाना, आपल्या भोगवटा प्रमाणपत्रासारखा. वेरा इथं जानेवारी २००८ मध्ये एका निवृत्त ब्रिटिश दांपत्याचं घर पाडलं गेलं. नगरपालिकेचा बांधकाम परवाना त्यांच्याकडे होता, पण जमीन ग्रामीण होती आणि प्रादेशिक सरकारनं तो परवाना रद्द करवला. गोल्फ वसाहतीतल्या फ्लॅटला हा धोका कमी, पण वसाहतीच्या कडेचा 'स्वस्तातला बंगला' दिसला की आम्हाला हेच आठवतं.

खरा वेळ आम्ही घालवतो तो सोसायटीच्या कागदांवर. इथल्या सोसायटीची, म्हणजे कोमुनिदादची, आधीच्या मालकाची थकबाकी घराला चिकटलेली असते: चालू वर्ष आणि त्याआधीची तीन वर्षं, एवढ्यासाठी घर जबाबदार राहतं. म्हणून सचिवाचा थकबाकी नसल्याचा दाखला, अध्यक्षांच्या मान्यतेसह, हवाच. पण दाखल्यावर भागत नाही. मागच्या दोन-तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं आम्ही वाचतो. तलावाची दुरुस्ती, लिफ्ट बदलणं, खाऱ्या वाऱ्यानं गंजलेले कठडे, कोर्टकज्जे, सगळं तिथं असतं. पुढच्या वर्षी प्रत्येकी चार हजार युरो काढायचे ठरलेलं असेल, तर ते माहितीपत्रकात नसतं, इतिवृत्तात असतं. गोल्फ वसाहतीत शुल्काचे थरही असतात: इमारतीची सोसायटी, तिच्यावर अनेक इमारतींची मिळून एक, आणि कधी रस्ते-बागांसाठी तिसरी संस्था. 'मेन्टेनन्स किती?' असं विचारलं की एजंट पहिल्याच थराचा आकडा सांगतो.

वरखर्च: आंदालुसियात, म्हणजे आल्मेरिया ज्या प्रदेशात येतो तिथं, जुन्या घरावर ७ टक्के हस्तांतरण कर आहे, नोटरी, नोंदणी, वकील धरून १० टक्के बाजूला ठेवा. नव्या घरावर १० टक्के व्हॅट आणि १.२ टक्के मुद्रांक. विकणारा स्पेनचा रहिवासी नसेल, आणि इथं तो अनेकदा ब्रिटिश असतो, तर किमतीतले ३ टक्के तुम्ही कापून महिन्याभरात कर खात्यात भरायचे असतात. घर भाड्यानं दिलं नाही, तरी अनिवासी मालकाला दरवर्षी मानीव, म्हणजे गृहीत धरलेल्या, उत्पन्नावर कर भरावा लागतो. हे आमच्या वार्षिक सेवेत येतं.

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या काही गोष्टींची उत्तरं इथंच देऊन टाकतो. घर घेतल्यानं राहण्याचा परवाना मिळत नाही. पाच लाख युरोंच्या गुंतवणुकीवरची ती योजना ३ एप्रिल २०२५ रोजी बंद झाली. भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊन आणि ब्रिटिश पासपोर्टवर व्हिसाविना, दोघांनाही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. निवृत्तांसाठी काम न करता राहण्याचा वेगळा व्हिसा आहे, त्याला उत्पन्नाचा पुरावा लागतो, घराचा नव्हे. युरोपीय संघाबाहेरच्या अनिवासी खरेदीदारांवर १०० टक्क्यांपर्यंत कर लावण्याची घोषणा पंतप्रधान पेद्रो सांचेस यांनी जानेवारी २०२५ मध्ये केली होती. घोषणा आणि कायदा यातला फरक आपल्याला नव्यानं शिकायला नको.

पर्यटकांना भाड्यानं देऊन हप्ते फेडण्याचा बेत असेल तर आधीच सांगा. ३ एप्रिल २०२५ पासून त्यासाठी सोसायटीची तीन पंचमांश मतांनी स्पष्ट संमती लागते. शांत वसाहतीत राहणारे लोक शांततेसाठी तिथं आलेले असतात. ते हात वर करतील, या भरवशावर घर घेऊ नये.

गोल्फबद्दल थोडक्यात. घरासोबत मैदान मिळत नाही. मैदान वेगळ्या कंपनीचं असतं आणि खेळायचे पैसे वेगळे. पहिल्या रांगेतलं घर घेताना टीच्या (जिथून पहिला फटका मारतात त्या जागेच्या) मागे उभं राहून बघा: उजव्या हातानं खेळणाऱ्या नवशिक्याचा चेंडू उजवीकडे भरकटतो, त्यामुळे त्या बाजूच्या गच्च्यांवर चहाचा कप जपून ठेवावा लागतो.

राहण्याचं म्हणाल तर हा युरोपातला सर्वांत कोरडा कोपरा आहे. उन्हाची कमतरता नाही, पण पश्चिमेचा पोनिएंते वारा सुटला की गच्चीवरच्या खुर्च्या आत घ्याव्या लागतात. हिवाळ्यात फरशीची घरं आतून गार पडतात, निम्म्या खिडक्यांची शटर्स खाली असतात आणि गाडीशिवाय पान हलत नाही. आल्मेरिमारच्या एका बाजूला पुंता एन्तिनास-साबिनारचं राखीव क्षेत्र आणि पाठीमागे एल एहिदोच्या हरितगृहांचं पांढरं प्लॅस्टिक, क्षितिजापर्यंत. फोटोत ते कधीच येत नाही. काहींना ते खुपतं. आम्हाला त्याचा एक फायदा दिसतो: शेतमजुरांमुळे गाव बारा महिने जिवंत असतं आणि मोरोक्कन दुकानांत ताजी कोथिंबीर मिळते. म्हणून आमचा आग्रह असतो की घर फेब्रुवारीत बघा. ऑगस्टमध्ये सगळ्याच वसाहती छान दिसतात.

पहिली अर्ध्या तासाची बातचीत विनाशुल्क आहे. त्याआधी पासपोर्टची प्रत, बजेट, पैसे कोणाच्या नावावरून येणार आणि वर्षातले किती दिवस राहणार, एवढं लिहून पाठवा. इथं दुपारी दोन ते पाच ऑफिस बंद असतं. भारतातून फोन करणाऱ्यांनी उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक धरावा. आणि एखाद्या घरासाठी कुठं सही करायला सांगत असतील, तर सही करण्याआधी तो कागद आम्हाला पाठवा. आमचे ग्राहक नसाल तरी एकदा वाचून देऊ.