गेंड्या भुंगा माडाच्या शेंड्यात कसा पोचला

पडलेला माड वर्षभरात आतून भुसभुशीत होतो. त्या बुंध्यावर कुऱ्हाड घातली की तपकिरी भुशातून अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या घरंगळतात. डोकं तांबूस, शेपटाकडचा भाग करडा. कोंबड्यांना त्या दिसायचाच अवकाश! हीच अळी पुढे गेंड्या भुंगा होते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. इतके बुंधे एका कुटुंबाने उचलायचे कसे? जे जागेवरच कुजले, ते या भुंग्याच्या अंड्यांसाठी आयती जागा ठरले.

हा भुंगा कीड कसा झाला, हे त्याच्या जगण्यातूनच कळतं. अळी माडाला शिवत नाही. शेणखत, उकिरडा, सडकं लाकूड खाऊन ती त्याची माती करते. अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण 5 ते 6 महिने लागतात. मग तो रात्री उडतो, माडाच्या शेंड्यात शिरतो, न उमललेल्या पानांची सुई कुरतडून तिचा रस पितो. भोकाच्या तोंडाशी चघळलेला चोथा दिसतो, पण तो वर चढणाऱ्या पाडेल्याला. खालच्या माणसाला पत्ता लागतो तो सुई उलगडल्यावर, घडी घातलेला कागद कात्रीने कापून उघडावा तशी त्रिकोणी कापलेली झावळी दिसते तेव्हा. म्हणजे आपण पाहतो तो घाव बराच जुना असतो.

अळीला कुजकं हवं, भुंग्याला कोवळं. रानात या दोन गोष्टी एकमेकींपासून लांब असतात. किनाऱ्यावरच्या आपल्या वाडीत गोठा, खताचा खड्डा आणि माड हाकेच्या अंतरावर आहेत. वाडी अशीच असायला हवी, शेणखताशिवाय माड पोसत नाही. पण भुंग्याचं बाळंतघर आणि जेवणघर शेजारी-शेजारी आणलं ते आपणच.

तरी इथे त्याला आळा घालणारे आहेत. हा कीटक दक्षिण आणि आग्नेय आशियातलाच, त्यामुळे त्याचे रोग आणि शत्रूही याच भागात त्याच्या सोबत वाढले. 1909 मध्ये श्रीलंकेहून आणलेल्या रबराच्या रोपांबरोबर तो प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर गेला, तेव्हा मात्र ते सारे मागे राहिले. तिथल्या नारळाची अशी दैना झाली की अळ्या आणि भुंगे गोळा करणं लोकांवर सक्तीचं झालं. 1963 मध्ये मलेशियात या भुंग्याला मारणारा एक विषाणू सापडला आणि 1967 मध्ये तो सामोआत सोडल्यावर उपद्रव पुष्कळ ओसरला. खड्ड्यातल्या अळ्यांवर हिरवी बुरशी, म्हणजे मेटारायझियम, टाकायची शिफारस आपल्याकडेही करतात, ती याच विचाराने.

काजूची गोष्ट याच्या बरोब्बर उलटी आहे. तिथे कीटक परदेशी गेला, इथे झाड परदेशातून आलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू आणला आणि इथल्याच एका लांब मिशांच्या भुंगेऱ्याने त्याच्या खोडात घर केलं. त्याच्या अळीला आपण रोठा म्हणतो. बुंध्याशी डिंक आणि भुसा दिसू लागला की समजावं. आंब्याचं खोड पोखरणारा भिरूड याच कुळातला. 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड सुरू झाली आणि कोकणातल्या कातळ-वरकसावर आंबा-काजूच्या बागाच बागा उभ्या राहिल्या. त्या योजनेने कितीतरी घरं सावरली, हे मी मनापासून मानतो. पण एकाच जातीची झाडं डोंगरभर सलग लावली की खोडकिड्याला एका झाडावरून दुसऱ्यावर जायला फारसं उडावंही लागत नाही. घरचा माणूस मुंबईला आणि बाग वाऱ्यावर, तिथे तर त्याला कुणी हटकतही नाही.

माडाचा दुसरा शत्रू सोंड्या भुंगा, तो गेंड्या भुंग्याच्या मागोमाग येतो. ताज्या जखमेच्या वासावर येऊन तो तिथे अंडी घालतो, अळ्या माड आतून पोखरतात, आणि शेंडा कलंडेपर्यंत अनेकदा काहीच कळत नाही. 1980 च्या दशकात तो आखाती देशांतल्या खजुरावर पोचला आणि पुढे रोपांच्या व्यापाराबरोबर भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत गेला.

जगात भुंगेऱ्यांच्या 4 लाखांच्या आसपास जाती नोंदल्या आहेत. पिकाला त्रास देणाऱ्या त्यात अगदी थोड्या. पावसाच्या तोंडावर झाडं उजळवणारे काजवे हे भुंगेरेच, आणि मावा फस्त करणारे ठिपक्यांचे ढालकिडेही. 1984 मध्ये मेक्सिकोतले भुंगेरे बंगळूरजवळ मुद्दाम सोडले गेले, कारण ते गाजरगवत खातात. पानं कुरतडणं तेच, फक्त पान आपल्याला नकोसं आहे. म्हणून दिसेल तो भुंगेरा चिरडणं किंवा सगळ्या वाडीवर औषध मारणं मला पटत नाही.

गेंड्यासाठी पाडेल्याची लोखंडी आकडी अजूनही उपयोगी आहे. भोकात घालून फिरवली की भुंगा टोचून बाहेर येतो. त्याहून महत्त्वाचं काम मात्र खाली जमिनीवर असतं. खताचा खड्डा दर दोन-तीन महिन्यांनी उपसून उलटायचा, अळ्या वेचून कोंबड्यांपुढे टाकायच्या, आणि वाडीत मेलेला माड उभा असेल किंवा आडवा पडला असेल तर तो फोडून पावसाआधी चुलीला लावायचा.